घरातलं माणूस पोलीस ठाण्यात आहे आणि वकील नाही: खान्देशात अशा वेळी काय करायचं

१५१०० हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे, देशात कुठूनही लागते. अडचण सांगितली की कायद्याची माहिती मोफत मिळते आणि ज्या जिल्ह्यात प्रकरण आहे तिथल्या विधी सेवा कार्यालयाची वाट दाखवली जाते. बाकीचा लेख सवडीने वाचा, हा क्रमांक मात्र हाताशी हवा.

मी खान्देशातल्या एका तालुका न्यायालयात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. आमच्याकडे माणसं येतात ती बहुतेकदा उशिरा. घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं की आधी सरपंचाकडे धाव, मग पुढाऱ्याच्या पीएला फोन, मग टपरीवर 'साहेब आपल्या शब्दातले आहेत' म्हणणारा कुणीतरी भेटतो. तो पैसे मागतो. कपाशी विकून आलेल्या पैशातून, नाहीतर गळ्यातली पोत गहाण ठेवून त्याला पैसे दिले जातात. दुसऱ्या दिवशी माणूस न्यायाधीशांपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला कुणीच नसतं. मला याचा फार त्रास होतो, कारण त्याच आवारात सरकारी खर्चाने नेमलेला वकील असतो, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: पहिला दिवस ओळख शोधण्यात घालवू नका. वकील मिळणं हा कुणाचा उपकार नाही. राज्यघटनेच्या कलम ३९-अ मध्ये मोफत कायदेशीर मदतीची हमी आहे आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात कार्यालयं दिली आहेत.

ठाण्यात गेल्यावर

एकट्याने जाऊ नका, पण वीस जणांचा घोळकाही नेऊ नका. शांत डोक्याची दोन माणसं, वही आणि पेन एवढं पुरे. ठाणे अंमलदाराला विचारा: अटक केली आहे की नुसतं चौकशीला बोलावलं आहे? अटक असेल तर किती वाजता झाली, कोणत्या कलमाखाली, गुन्हा रजिस्टर नंबर काय, तपास कोणाकडे आहे? उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या. अटकेची वेळ तर नक्कीच लिहा, कारण तिथून चोवीस तासांचं घड्याळ सुरू होतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत अटक केलेल्या माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. रविवार असो की दिवाळी, यात सूट नाही. सुटीच्या दिवशीही त्यासाठी न्यायदंडाधिकारी असतात.

बऱ्याचदा पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळतं, "अटक नाही, नुसतं बसवून ठेवलंय." कायद्यात 'बसवून ठेवणं' असा प्रकार नाही. एक तर अटक आहे, नाहीतर माणूस उठून घरी जायला मोकळा आहे. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. "मग आम्ही त्याला घरी नेतो, उद्या बोलवाल तेव्हा हजर करतो" एवढंच म्हणा. तरीही सोडलं नाही तर तिथूनच १५१०० ला फोन करा आणि किती वाजल्यापासून बसवलंय ते सांगा.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत लगेच अटक न करता हजर राहण्याची नोटीस देणं हा नियम आहे. जुनी माणसं तिला अजून '४१-अ ची नोटीस' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात ती कलम ३५(३) मध्ये आली. अशी नोटीस हातात पडली की पोरं घाबरून सुरतेला नाहीतर पुण्याला निघून जातात. तसं करू नका. तारखेला हजर राहा आणि हजर राहिल्याची नोंद मागा. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना त्याचं कारण लिहावं लागतं. नोटीस टाळणाऱ्याने ते कारण स्वतःच हातात दिलेलं असतं.

अटक झालीच असेल तर पोलिसांनी अटकेची कारणं सांगायला हवीत, घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवायला हवं, आणि वेळ-तारखेसकट अटकेचा मेमो करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यायला हवी. वैद्यकीय तपासणीही करावी लागते. अंगावर मार असेल तर डॉक्टरला सांगायला लावा, तिथे राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांना सांगा. हे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले आणि आता बरेचसे कायद्यातच लिहिले आहेत. चौकशी चालू असताना आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्कही आहे, मात्र वकील पूर्ण चौकशीभर शेजारी बसू शकत नाही.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची वेळ आली तर महिला पोलीस अधिकाऱ्याने आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाई, पंधरा वर्षांखालचं मूल, साठीच्या पुढचा माणूस, अपंग किंवा फार आजारी माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. गावाकडे हे ठाऊक नसल्याने साठी ओलांडलेली आजीसुद्धा दिवसभर ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली दिसते.

आता सहीविषयी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही, कुणी कितीही 'फॉर्मॅलिटी' म्हटलं तरी. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कायदाच सांगतो. फिर्याद, पंचनामा, अटकेचा मेमो यांवर सही असते, पण आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा धरला जात नाही, त्यामुळे 'कबूल कर, सुटशील' या बोलण्याला भुलायचं कारण नाही. माणूस फक्त भिली किंवा पावरी बोलत असेल तर तसं पहिल्यांदाच सांगा आणि न्यायालयातही दुभाषी मागा. सातपुड्यातली कितीतरी माणसं मराठीत 'हो हो' म्हणत राहतात, समजलेलं नसतं तरी.

वनखात्याने सातपुड्यात पकडलं, उत्पादन शुल्कवाल्यांनी हातभट्टीत पकडलं, भुसावळला रेल्वेच्या पोलिसांनी पकडलं, तरी कारण सांगणं, चोवीस तास आणि वकील हे तिन्ही हक्क तसेच राहतात.

वय अठराच्या आत असेल तर

इथे थोडं थांबते, कारण ही चूक पोराच्या सगळ्या आयुष्याला चिकटते. एकदा रात्री एका बाईंचा फोन आला. "ताई, मन्हा पोऱ्याले पोलीस लई ग्यात. आते कथा जाऊ?" गावातल्या लग्नात मारामारी झाली होती. वय विचारलं तर म्हणाल्या, "व्हई अठरा-वीसना." जन्म कोणत्या साली विचारलं तर आठवेना. शाळेचा दाखला आहे का विचारल्यावर पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी निघाली. त्यात रेशनकार्ड, बियाण्याच्या पावत्या आणि चार घड्या पडलेला शाळा सोडल्याचा दाखला. शेजारच्या मुलाने फोनवर जन्मतारीख वाचून दाखवली. पोरगा सतरा वर्षं चार महिन्यांचा होता.

अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. पोलिसांनी अंदाजाने 'वय १९' लिहिलं की तो मोठ्या माणसांत जाऊन बसतो आणि नंतर ते निस्तरायला महिने जातात. वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणून पोरगा अठराच्या आसपास असेल तर बाकी सगळं सोडून दाखला शोधा, त्याची झेरॉक्स ठाण्यात द्या, पोच घ्या, मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. १०९८ ही बालकांची हेल्पलाइनही इथे कामाला येते.

मोफत वकील कोणाला मिळतो

कोठडीत असलेल्या कोणालाही. तिथे उत्पन्न विचारत नाहीत, जमीन विचारत नाहीत. सगळ्या स्त्रिया, अठराच्या आतली मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार, वेठबिगारी किंवा मानवी तस्करीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेले, यांनाही उत्पन्नाची अट नाही. बागायतदाराच्या बायकोलासुद्धा नवऱ्याविरुद्ध मोफत वकील मिळू शकतो, हे ऐकून बायकांना खरं वाटत नाही. पण तसंच आहे. उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. त्यासाठी उत्पन्नाचं शपथपत्र चालू शकतं, तहसीलच्या दाखल्यासाठी अर्ज थांबवून ठेवू नका.

वकिलाची फी तर नाहीच, कोर्ट फी, टायपिंग, नकला, भाषांतर हा खर्चही यात येतो. नेमलेल्या वकिलाने 'वरचे थोडे' मागितले तर द्यायचे नाहीत आणि प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवायचं.

कार्यालय कुठे आहे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि रोजचं काम पूर्णवेळ सचिव बघतात, तेही न्यायाधीशच. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. चोपड्याच्या माणसाने जळगाव गाठायची किंवा शिरपूरच्या माणसाने धुळे गाठायची गरज नसते, तालुक्याच्या न्यायालयात शिरून 'विधी सेवा समितीचं काम कोण बघतं' एवढं विचारलं की पुरतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि रोजगार दोन्ही जातात, त्यांनी तर आधी फोन करावा आणि गावात किंवा जवळ कोणी विधी स्वयंसेवक आहे का ते विचारावं. गावच्या सेवा केंद्रातून टेली-लॉ योजनेत वकिलाशी फोनवर बोलणंही होतं, त्याचा क्रमांक १४४५४.

अर्ज साध्या कागदावर चालतो. नाव, पत्ता, फोन, कोणाविरुद्ध काय प्रकरण आहे, कोणत्या न्यायालयात, पुढची तारीख कधी, आणि आपण कोणत्या गटात बसतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, कार्यालयातला माणूस किंवा स्वयंसेवक लिहून देतो. सोबत आधारची झेरॉक्स आणि आलेला कागद, मग ती नोटीस असो, समन्स असो की एफआयआरची प्रत. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो. तारीख उद्यावर आली असेल तर अर्जाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा आणि तोंडानेही सांगा. गप्प उभ्या राहिलेल्या माणसाची घाई समोरच्याला कळत नाही.

न्यायालयातली पहिली सकाळ

अटकेनंतर न्यायालयात नेतात त्याला सगळे 'रिमांड' म्हणतात. त्या दिवशी घरच्यांपैकी एकाने न्यायालय उघडायच्या आधी तिथे असावं. जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालय असतं. तिथले वकील फक्त आरोपींची फौजदारी प्रकरणं लढतात आणि त्यांचा पगार सरकार देतं. तालुक्याला पॅनलवरचे, म्हणजे विधी सेवेच्या यादीतले, वकील रिमांडसाठी नेमलेले असतात. त्यांना गाठा आणि वहीतलं सगळं वाचून दाखवा: अटकेची वेळ, गुन्हा नंबर, आजारपण, चालू असलेली औषधं, घरात कमावणारं कोण. पाच मिनिटांत वकिलाला जे कळेल त्यावरच तो बोलणार असतो. वकील भेटला नाही आणि पुकारा झाला, तर आरोपीने स्वतः न्यायाधीशांना सांगायचं: "साहेब, मला वकील नाही, सरकारी खर्चाने वकील द्या." हे एक वाक्य घोकून ठेवा. ते ऐकल्यावर न्यायाधीशांना वकील द्यावा लागतो.

तिथे दोन शब्द कानावर पडतील. 'पीसीआर' म्हणजे पोलीस कोठडी, माणूस परत ठाण्याच्या ताब्यात जातो. 'एमसीआर' म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस कारागृहात जातो. एमसीआर ऐकून घरचे रडायला लागतात, पण जामिनाचा अर्ज सहसा त्यानंतरच नीट पुढे सरकतो.

जामीन मंजूर झाला, तरी माणूस आतच

इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात आणि याबद्दल आधी कुणी सांगत नाही. जामीन मंजूर होणं आणि माणूस बाहेर येणं यात जामीनदार उभा असतो. गुन्हा जामीनपात्र असेल तर ठाण्यातूनच जामीन होतो, तो मागण्याचा हक्क आहे. अजामीनपात्र असेल तर न्यायालय रक्कम ठरवतं आणि तेवढ्या ऐपतीचा जामीनदार मागतं. आपल्याकडे ऐपत म्हणजे सातबारा. मामा सकाळच्या एसटीने येतो, पिशवीत सातबारा असतो, पण तो तीन वर्षांपूर्वीचा असतो, किंवा त्यावर पाच भावांची नावं आणि सोसायटीचा बोजा असतो. मग 'ताजा आणा', 'फोटो नाही', असं करत दुपार होते, न्यायालय उठतं, आणि शनिवार-रविवार आडवा येतो.

म्हणून जामीन मंजूर व्हायची वाट न बघता आदल्या दिवशीच तयारी करा. जामीनदार असा निवडा ज्याच्या नावावर स्वतंत्र जमीन किंवा घर आहे. डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ-अ, घर असेल तर घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक, आधार, रेशनकार्ड, दोन-तीन फोटो. न्यायालय काय मागतं ते ठिकाणागणिक थोडं बदलतं, वकिलाला आदल्या संध्याकाळीच विचारा. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, म्हणजे सॉल्व्हन्सी, लागतो आणि तो एका दिवसात मिळत नाही. न्यायालयाच्या बाहेर पैसे घेऊन जामीन राहणारी माणसं भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. तो खोटा निघाला तर आपल्याच माणसाचा जामीन रद्द होतो आणि वर नवा गुन्हा.

जामीनदार मिळतच नसेल तर गप्प बसू नका. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीन देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायचं असतं. अजामीनपात्र गुन्ह्यात रक्कम कमी करा, एकच जामीनदार चालवा, असा अर्ज करता येतो. गरीब कैद्यांना जामिनाच्या रकमेसाठी मदत करणारी केंद्र सरकारची योजनाही आहे, तिची चौकशी जिल्हा प्राधिकरणातच करा. आणि साठ किंवा नव्वद दिवसांत, गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा, तो अर्ज वेळेत करावा लागतो.

अन्याय तुमच्यावर झाला असेल तर

आतापर्यंत आरोपीच्या बाजूने सांगितलं, पण मारहाण, चोरी, छळ सोसलेलं माणूसही तितकंच एकटं असतं. आधी ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या क्रमांकाला, फोन. मग फिर्याद. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत मोफत मिळते, 'झेरॉक्सचे पैसे' सुद्धा द्यायचे नाहीत. पुष्कळदा 'एनसी' करून परत पाठवतात, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिच्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. डोकं फुटलं असेल, हत्यार वापरलं असेल, तर दवाखान्याच्या कागदासह पुन्हा जा. तरी नाहीच घेतली तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती सांभाळा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील त्याला अजून '१५६(३)' म्हणतात, नव्या कायद्यात ते १७५(३) आहे. या अर्जासाठी मोफत वकील मागा.

'आमची हद्द नाही' हे उत्तर आता चालत नाही. कोणत्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिथे बॅग चोरीला गेली तर माणसाने बाकड्याच्या कोणत्या टोकाला बसला होतो ते आठवत बसायचं का? जवळच्या ठाण्यात जा आणि झिरो एफआयआर मागा. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करा, नाहीतर ती नोंदली जात नाही.

फिर्यादीवरून खटला उभा राहिला की तो सरकारी वकील लढवतो, त्यासाठी फिर्यादीने वकील लावलाच पाहिजे असं नाही. 'वकील नाही लावला तर केस पडेल' ही भीती घालून लोकांकडून पैसे काढले जातात.

घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आणि महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी, ही तीन ठिकाणं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि संरक्षण, तिन्ही एकाच अर्जात मागता येतं, त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. माहेरी निघताना जमलं तर लग्नपत्रिका किंवा फोटो, मुलांचे दाखले, आधार, दवाखान्याचे कागद घ्या. नाही जमलं तर तशाच निघा, कागद नंतर आणता येतात. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिच्या अर्थसाहाय्याचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणच बघतं.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून शिवीगाळ-मारहाण झाली असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, त्यात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

गुजरातेत अडलं तर

ऊसतोडीला, वीटभट्टीवर, सुरतेच्या मिलमध्ये आपली हजारो माणसं आहेत. तिकडे कोणाला पकडलं तर इथला वकील घेऊन बारडोलीला जाण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. १५१०० तिकडेही लागतो, वकील तिथल्याच प्राधिकरणाचा मागा. घरून फक्त गुन्हा नंबर, ठाण्याचं नाव आणि माणसाचे कागद फोटो काढून पाठवा. गुजरात पोलिसांनी इथून माणूस उचलला तर आधी इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन 'ट्रान्झिट रिमांड', म्हणजे माणूस तिकडे नेण्याची परवानगी, घेतात, त्या वेळी इथला मोफत वकील हजर राहू शकतो. मुकादमाने उचलीपोटी मजुरांना कोंडून ठेवलं असेल तर तो व्यवहाराचा वाद नाही, वेठबिगारी आहे. ११२ वर कळवा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

स्वतः वकील लावायचा असेल तर

ऐपत असेल तर जरूर लावा, पण घाईत नको. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात झाला की दवाखान्यात प्रेताजवळच माणसं येऊन उभी राहतात, 'क्लेम काढून देतो, तीस टक्के द्या' म्हणत. वकिलाला निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून काम घेता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. जो स्वतःहून दारात येतो त्याला सरळ नाही म्हणा. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा.

वकील निवडताना त्याच न्यायालयात, त्याच प्रकारची प्रकरणं चालवणारा बघा. दिवाणीतला नामांकित माणूस रिमांडला उपयोगी पडेलच असं नाही. फी किती, कशाकशाची, कोणत्या टप्प्याला, हे पहिल्या भेटीत विचारा आणि पावती मागा. मूळ सातबारा, खरेदीखत, दाखले देऊ नका, झेरॉक्स द्या. वकीलपत्रावर सही करताना प्रकरणाचा मजकूर भरलेला असावा. पटलं नाही तर वकील बदलता येतो. गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाका, पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात. मग 'तारीख पडली' यावर विश्वास ठेवून राहावं लागत नाही.

कागद आला तर दिवस मोजा

बेलीफाने आणलेला कागद घ्यायला नकार देऊ नका, नकार दिला तरी बजावणी झाली असं धरतात आणि एकतर्फी निकाल लागू शकतो. कागद मिळाल्याची तारीख त्याच्यावरच लिहा. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते, न्यायालय फार तर नव्वदपर्यंत वाढवतं. चेक परत गेल्याची नोटीस आली तर पैसे भरायला पंधरा दिवस. फोनवर कुणी पोलिसाच्या गणवेशात दिसून 'डिजिटल अटक' केली म्हणालं तर फोन ठेवून द्या, कायद्यात असं काही नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मोफत वकिलाचा अर्ज फेटाळला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. नेमलेला वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागता येतो, त्यासाठीही साधा अर्ज. जिल्ह्यात निकाल विरोधात गेला तर आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं उच्च न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तिथेही विधी सेवा उपसमिती आहे, आणि तिथला अर्ज जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या प्राधिकरणात देता येतो, कारागृहातल्या माणसाला अधीक्षकांमार्फत. अपिलाला मुदत असते, म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल मिळण्यासाठी अर्ज टाका.